रुपेरी आरशाचे उपासक : कावसजी नायगामवाला

फाल्गुन संपून चैत्र लागला, की सातारा-सांगलीकडील माळरानावर वारा उधळू लागतो. माणदेशातील वाटांवरून धुळीचे लोट उठतात आणि घराच्या तावदानांवर, देवघरातील तसबिरींवर, आजोबांच्या चष्म्यावर धुळीचा पातळ थर बसतो. चष्म्यावर धूळ बसली म्हणजे आजोबा धोतराच्या सोग्याने काचा पुसतात आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागतात. मग आकाशातील तारे पाहण्याच्या दुर्बिणीवर धूळ बसली तर काय होत असेल? तीही अशीच पुसून काढावी काय? की त्या धुळीने तारे दिसेनासेच होतात?

हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर ज्यांना आयुष्यभर आपल्या हातांनी द्यावे लागले, असे एक थोर शास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविल्यानंतर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्या काळी आपल्याकडील महाविद्यालयांत शास्त्रविषय बहुधा पुस्तकांतूनच शिकविले जात. उपकरण हाती घेऊन निसर्गालाच प्रश्न विचारावा, ही दृष्टी अद्याप रुजली नव्हती. कावसजींच्या मनात मात्र प्रयोगाची ओढ होती. प्रकाशाचे पृथक्करण करून पदार्थ ओळखण्याची विद्या तेव्हा युरोपात नुकतीच बहरास आली होती. त्या विद्येची एक प्रयोगशाळा आपल्या महाविद्यालयात असावी, असे त्यांना मनापासून वाटे.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयास भेट दिली. कावसजींचा मनोदय त्यांना कळला आणि त्यांनी या कार्यासाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच रक्कम आपल्याकडून घातली. त्या काळच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. उपकरणे पारखून घेण्यासाठी कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी ख्रिस्ती आणि विख्यात सूर्यशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांचा विचारविनिमय झाला. प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच का उभारू नये, असा सल्ला त्यांना मिळाला. प्रयोगशाळेत दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश तपासावयाचा, तर वेधशाळेत प्रत्यक्ष सूर्याचा आणि ताऱ्यांचा. कावसजींनी तो सल्ला मानला.

मुंबईची दमट हवा या कामाला अनुकूल नव्हती. त्या मानाने पुण्याचे आकाश निरभ्र आणि हवा कोरडी. म्हणून १८८५ साली वेधशाळेची योजना पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाकडे आली आणि कावसजींचीही बदली तेथेच झाली. हेच महाविद्यालय पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १८८८ साली वेधशाळा सिद्ध झाली आणि दात्याच्या गौरवार्थ तिला महाराज तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव देण्यात आले. ताऱ्यांची केवळ स्थाने न मोजता त्यांच्या प्रकाशावरून त्यांचे घटक शोधणारी ही भारतातील पहिली आधुनिक वेधशाळा होय.

वेधशाळेतील मुख्य दुर्बीण डब्लिनचे ग्रब यांनी बनविलेली होती. तिच्या आरशाचा व्यास साडेसोळा इंच होता. पुढे वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण या वेधशाळेत आली. कित्येक वर्षे भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती. ही दुर्बीण भिंगाची नव्हती, आरशाची होती. नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा असतो. ताऱ्याचा प्रकाश त्याच्यावर पडून परत फिरतो आणि वर एका बिंदूत एकवटतो. हा आरसा काचेचा असला तरी घरातल्या आरशासारखा नव्हे. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे असतो, त्यामुळे त्याला काचेचे संरक्षण मिळते. दुर्बिणीच्या आरशाचा चांदीचा मुलामा काचेच्या दर्शनी पृष्ठावर, अगदी उघड्यावर असतो. तो इतका पातळ असतो, की त्याची जाडी मनुष्याच्या केसाच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी भरेल.

अशा नाजूक रुपेरी थरावर पुण्यासारख्या गावी धूळ बसल्यावाचून कशी राहील? उन्हाळ्यात वारा, पावसाळ्यात दमट हवा आणि बाराही महिने चुलींचा धूर. येथेच आपल्या प्रश्नाकडे वळले पाहिजे.

त्याचे उत्तर एका सोप्या प्रयोगाने मिळते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ एक बहिर्गोल भिंग धरा. भिंतीवर खिडकीची उलटी प्रतिमा पडेल. आता भिंगाच्या मध्यावर कागदाचा एक लहानसा तुकडा चिकटवा. प्रतिमेत भोक पडेल असे तुम्हांस वाटेल. पण तसे होत नाही. खिडकी पूर्वीसारखी सबंध दिसते, फक्त किंचित मंद होते. कारण भिंगाचा प्रत्येक भाग खिडकीची सबंध प्रतिमा उमटवीत असतो. एक भाग झाकला गेला, तरी उरलेले भाग तेच काम करीत राहतात. दुर्बिणीच्या आरशाचेही असेच आहे. मोठ्या आरशासमोर नळीच्या मध्यभागी एक छोटा आरसा टांगलेला असतो. तो मोठ्या आरशाचा मधला भाग कायमचा अडवून धरतो. धुळीच्या कणाच्या मानाने हा अडथळा केवढा प्रचंड! तरीही चंद्राच्या प्रतिमेत मध्ये काळा ठिपका दिसत नाही. मग धुळीच्या बारीक कणांची काय कथा? धुळीने आरशाचा शंभरावा भाग झाकला, तर शंभरातील एक हिस्सा प्रकाश कमी होईल. तेवढी उणीव डोळ्यांना जाणवणारही नाही.

याचा अर्थ धूळ सर्वस्वी निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. धुळीचा कण आपल्यावर पडलेला प्रकाश इतस्ततः विखरून टाकतो. सकाळच्या उन्हासमोर धुळकट तावदान धरले म्हणजे ते पांढुरके दिसते, ते यामुळेच. एखाद्या तेजस्वी बिंबाजवळील अंधुक वस्तू पाहावयाची असेल, तर हा विखुरलेला प्रकाश तिच्यावर धुक्यासारखा पसरतो. म्हणून धुळीचा दाट थर साचू देणे हे बरे नव्हे.

परंतु धुळीहूनही घातक गोष्ट म्हणजे उतावळेपणाने ती पुसणे. धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात. कोरड्या फडक्याने आरसा पुसला की ते कण चांदीवर घासले जाऊन ओरखडे उठतात. धूळ आज ना उद्या निघते. ओरखडा निघत नाही. म्हणून जाणता वेधकर्ता काम संपताच नळीचे तोंड झाकून ठेवतो. बसलेली धूळ फुंकणीच्या वाऱ्याने किंवा मऊ केसांच्या कुंचल्याने हलकेच उडवितो आणि थोडीशी राहिलीच, तर तिला तशीच राहू देतो.

चांदीचा खरा वैरी निराळाच आहे. देवघरातील निरांजने काही दिवसांत काळवंडतात, हे आपण पाहतो. हवेतील व धुरातील गंधकाच्या वायूंनी चांदीवर काळसर पुट चढते. दुर्बिणीचा आरसाही असाच मंदावत जातो. तेव्हा जुनी चांदी तेजाबाने विरघळवून काढावी लागते, काच निर्मळ धुवावी लागते आणि रसायनांच्या द्रावणातून तिच्यावर चांदीचा नवा थर चढवावा लागतो. काचेचा घोटीव आकार मात्र तसाच राहतो. त्यापूर्वीचे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचे आरसे काळवंडले म्हणजे पुन्हा घोटावे लागत आणि त्यात त्यांचा आकार बिघडण्याचे भय असे. चांदीच्या काचेने हे भय दूर केले. पुढे १९३० नंतरच्या दशकात चांदीची जागा अॅल्युमिनियमच्या मुलाम्याने घेतली. कावसजींच्या काळी मात्र रुपेरी आरसा सांभाळणे हा वेधशाळेच्या नित्य व्रताचाच भाग होता.

कावसजींच्या कामात धुळीचे आणखी एक रूप महत्त्वाचे होते. ते दुर्बिणीला वर्णपटदर्शक यंत्र जोडून काम करीत. या यंत्रात प्रकाश प्रथम एका अतिशय अरुंद फटीतून जातो आणि नंतर लोलकाने त्याचे रंग अलग होतात. आरशावरील कण प्रतिमेत दिसत नाही हे खरे. पण या फटीवर बसलेला एखादा कणही लपून राहत नाही. तो तेवढ्या जागेपुरता प्रकाश अडवितो आणि सबंध वर्णपटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी रेघ ओढून टाकतो. म्हणजे जी धूळ एका जागी उपेक्षणीय, तीच दुसऱ्या जागी अक्षम्य ठरते. कोठे दुर्लक्ष करावे आणि कोठे डोळ्यांत तेल घालून जपावे, हे ओळखणे हीच वेधकर्त्याची खरी परीक्षा.

अशा परीक्षेचा एक प्रसंग कावसजींवर आला. मृग नक्षत्रात एक मोठा तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कोणत्या पदार्थाची हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लॉकियर यांचे मत असे, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याचा अवशेष आहे. हे खरे असते, तर ती रेषा एका कडेला रेखीव आणि दुसऱ्या कडेला पुसट दिसावयास हवी होती. कावसजींनी पुण्याच्या दुर्बिणीतून ती काळजीपूर्वक तपासली. त्यांना ती दोन्ही कडांनी रेखीव दिसली. आता काय करावे? लॉकियर हे त्यांना गुरुस्थानी होते. वेधशाळा उभारण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांच्याच मताविरुद्ध पुरावा हाती आला होता. कावसजींनी संकोच केला नाही. जे दिसले ते त्यांनी १८९१ साली इंग्लंडच्या राजकीय ज्योतिष मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. इतर देशांतील वेधकर्त्यांनाही तसेच आढळले. पुढे १९२७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ बोवेन यांनी ते कोडे सोडविले. ती रेषा अतिविरल स्थितीतील प्राणवायूची होती, मॅग्नेशियमची नव्हती. आरशावरची धूळ झाडणे सोपे. आदरणीय व्यक्तीच्या मताचे दडपण मनावरून झाडून टाकणे अवघड. कावसजींनी तेही केले.

यानंतर सात वर्षांनी आकाशातील एक अपूर्व प्रसंग महाराष्ट्राच्या दारी आला. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ उतरली, सह्याद्री ओलांडून देशावर आली, कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडच्या मुलखावरून ईशान्येकडे सरकली आणि माणदेश मागे टाकून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. अशा रीतीने आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील काही गावांनी त्या दिवशी भर दुपारी तारे पाहिले. सांगली शहर मात्र छायेच्या पट्ट्याच्या दक्षिणेस राहिले.

हे ग्रहण पाहावयास देशोदेशींचे पंडित भारतात आले होते. लॉकियर यांचा तळ विजयदुर्ग येथे होता. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल जेऊरला उतरले होते. कावसजींनीही आपल्या वेधशाळेची उपकरणे घेऊन जेऊर गाठले. दिवस सुखाचे नव्हते. पुण्यावर प्लेगाचे संकट कोसळले होते आणि नुकताच दुष्काळ येऊन गेला होता. अशा काळात पुण्याची नाजूक यंत्रे हलवून उघड्या माळावर मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

खग्रास ग्रहणाचे वेध हे सगळ्या वेधांत कठीण. ज्यासाठी महिनेच्या महिने तयारी करावयाची, तो प्रसंग जेमतेम दोन मिनिटे टिकतो. चूक झाली तर ती सुधारण्यास दुसरी संधी नाही. १८९६ साली नॉर्वेत वाड्सो येथे जमलेल्या ज्योतिर्विदांवर ऐन वेळी ढगांचे छत पसरले होते आणि सारी तयारी व्यर्थ गेली होती. जेऊरच्या माळावर जानेवारीत ढगांचे भय थोडे. पण कोरड्या मातीची धूळ हाताशीच. आणि ग्रहणात धूळ उपेक्षून चालत नाही. सूर्याभोवतीचे किरीट हे सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लक्षांश इतकेच तेजस्वी असते. अशा मंद प्रभेचे चित्र घ्यावयाचे, तर भिंगा-आरशांवरील धूळ विखुरलेल्या प्रकाशाचे धुके पसरविते. फटीवरील कण वर्णपटावर रेघ ओढतो. आणि छायाचित्राच्या काचेवर कण बसला, तर तेथे खोटा ठिपका उमटतो. म्हणून उपकरणे शेवटच्या घटकेपर्यंत झाकून ठेवणे, प्रत्येकाने आपले काम पुनःपुन्हा घोकणे, हीच या कामाची रीत.

त्या दिवशी आकाश निर्मळ राहिले. चंद्राने सूर्य झाकला, शिवारावर सांजावल्यासारखा प्रकाश पसरला आणि काळ्या बिंबाभोवती शुभ्र किरीट फाकले. दोन मिनिटांत सारे संपले. पण तेवढ्यात कावसजींच्या तुकडीने किरीटाची व वर्णपटाची छायाचित्रे घेतली होती. त्या वेधांचा त्यांनी लिहिलेला सविस्तर वृत्तांत १९०२ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. दोन मिनिटांच्या दर्शनाचा हिशेब पुरा करावयास चार वर्षे लागली!

एवढे असूनही या वेधशाळेत एक उणीव राहिली होती. तिचा सारा भार एकट्या कावसजींवर होता. त्यांच्यामागे काम चालविणारी शिष्यपरंपरा तेथे निर्माण झाली नाही. १९१२ साली ते सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची उपकरणे दक्षिणेतील कोडाईकनाल येथील वेधशाळेकडे पाठविण्यात आली. वीस इंची दुर्बीण तेथे उभारली गेली ती १९५१ साली. तीन तपांहून अधिक काळ ती आकाशाला मुकली. कावसजींना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. १९३८ सालीच त्यांचे निधन झाले होते.

ज्या दुर्बिणीला पुण्याच्या धुळीने थांबविले नाही, तिला थांबविले ते वापरणाऱ्याच्या अभावाने. धुळीने झाकलेला आरसा तारे दाखवितो. पण ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, तो आरसा कितीही लखलखीत असला तरी काहीच दाखवीत नाही. कोडाईकनालला ही दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळली, तेव्हा भावनगरच्या महाराजांची देणगी आणि कावसजींची निगा या दोहोंचेही सार्थक झाले. तिला भावनगर दुर्बीण असे नावही मिळाले.

सातारा-सांगलीकडील माळावर आजही वारा सुटतो आणि धूळ उडते. अमावास्येच्या रात्री तेथील एखाद्या शाळेच्या अंगणात शिक्षक लहानशी दुर्बीण मांडतात आणि मुले रांगेने तारे पाहतात. अशा वेळी दुर्बिणीवर थोडी धूळ दिसली, तर कोणी घाईने खिशातील हातरुमाल काढू नये. प्रथम तीतून आकाशाकडे पाहावे. तारे दिसतच असतात. धूळ कोठे झाडावी आणि कोठे राहू द्यावी, हे मग सावकाश शिकता येते. कावसजींनी ते शिकण्यात सारे आयुष्य वेचले.

अभ्यास

१. आरशावर धूळ असूनही ताऱ्याची प्रतिमा सबंध का दिसते, ते भिंगाच्या प्रयोगाच्या आधारे सांगा.

२. फटीवरील धूळ आरशावरील धुळीपेक्षा अधिक उपद्रवी का?

३. मृगातील तेजोमेघाच्या प्रसंगी कावसजींचा कोणता गुण दिसून येतो?

४. १८९८ सालच्या ग्रहणछायेचा मार्ग महाराष्ट्राच्या नकाशावर काढून दाखवा.

५. वेधशाळा बंद का पडली? संस्था टिकण्यासाठी काय आवश्यक असते, असे तुम्हांस वाटते?